पाद्रीबाबांच्या मागोमाग

तुम्ही उधन्यालाच उतरा. गाडी पुढे सुरत स्टेशनात जाते, पण आपल्याला शहरात शिरायचंय ते या बाजूनं. जळगाव-नंदुरबारकडची बरीचशी माणसं इथेच उतरतात. लिंबायतला जाणाऱ्या रिक्षावाल्याशी घासाघीस मराठीतच चालते आणि फलाटावर कुणीतरी अहिराणीत घरी फोन करून पोचल्याचं कळवत असतो. तुमच्या पिशवीत दोन कपडे, मोबाइलचा चार्जर आणि मंडळीच्या पंचांचं पत्र आहे. पाळकपदासाठी तुमचं नाव सुचवलंय आणि तुम्ही अजून होकार दिलेला नाही. हे देवाचं पाचारण आहे, की दुसरं कुणी मिळेना म्हणून तुमच्या गळ्यात पडतंय, हे तुम्हाला ठरवता येत नाही. प्रार्थना करून झाली, उपास करून झाले, दोन ज्येष्ठ पाळकांना विचारून झालं. एकानं लगेच हो म्हटलं, दुसऱ्यानं आधी तुमच्या बायकोचं मत काय ते विचारलं. (वाचणारे तुम्ही ख्रिस्ती नसाल तर पतपेढीचं किंवा शाळेचं अध्यक्षपद समजा, अडचण फार वेगळी नसते.)

आता वर्ष बदला. १६६४. रूळ गेले, लूमचा खडखडाट गेला, रिक्षा गेल्या. मंगळवारची सकाळ आहे. तारीख कोणती, हे तुम्ही कुणाला विचारता त्यावर आहे. इंग्रजांच्या कोठीत आज ५ जानेवारी, कारण ते अजून जुनी दिनदर्शिका धरून बसलेत. आपण ज्यांच्या दाराशी निघालोय त्या फ्रेंच पाद्र्यांच्या घरात आज १५ जानेवारी. उद्या इंग्रजांकडे तीन राजांचा सण, पाद्र्यांकडे तो कधीच होऊन गेला.

वाटेवर माणसं उलट दिशेनं पळताहेत. गणदेवीला फौज आलीय, इतकंच त्यांना ठाऊक आहे. कुणाची, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमची ओढ मला कळते. शाळेतल्या चौथीच्या पुस्तकापासून तुम्ही या दिवसाची वाट पाहिलीय. एखाद्या झाडाखाली थांबावं आणि शिवाजी महाराजांची स्वारी डोळे भरून पाहावी, असंच कुठल्याही मराठी माणसाला वाटेल. उद्या अकराच्या सुमाराला ते येतील, बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या बागेत तंबू पडेल. पाहायला मिळेल, पण थोडं उशिरा आणि दुसऱ्याच कुणाच्या मागे उभं राहून. आधी शहरात चला.

सुरत श्रीमंत आहे, पण दिसायला तशी नाही. थोड्या व्यापाऱ्यांच्या विटा-चुन्याच्या हवेल्या सोडल्या तर सगळी लाकडा-बांबूची, कुडाची, गवताच्या छपरांची घरं. शहराभोवती धड तट नाही, मातीचा बांध आहे. मक्केला जाणारे यात्रेकरू इथूनच जहाजात बसतात, म्हणून गल्ल्यांत बुखाऱ्यापासून हैदराबादपर्यंतची माणसं दिसतात. आर्मेनियन, पारशी, बोहरी, वाणी, डच, इंग्रज. आज त्यातली निम्मी तापीच्या घाटाकडे धावताहेत. बायका कडेवर पोर आणि डोक्यावर गाठोडं घेऊन पाण्यात उतरल्यात. नावाड्यांनी भाडं किती वाढवलंय ते ऐकू नका.

किल्ल्याच्या दाराशी वेगळी गर्दी आहे. शहराचा सुभेदार इनायत खान आत जाऊन बसलाय. बादशहाकडून तो पाचशे शिपायांचा पगार उचलतो, पण शिपाई ठेवलेले नाहीत, असं इंग्रजांच्या कागदात लिहिलेलं सापडतं. आता आत घ्यायचं कुणाला, हे जो तो किती देतो त्यावर ठरतंय. या दाराशी दोन मिनिटं थांबा. नेतृत्वाचा अभ्यास करायला आलात ना? पद आहे, मोहोर आहे, पगार आहे, आणि दार आतून बंद आहे.

मग ढोल आणि तुताऱ्या ऐकू येतात. इंग्रजांचा प्रमुख सर जॉर्ज ऑक्झेंडन सुमारे दोनशे माणसं घेऊन भर रस्त्यातून कवायत करत चाललाय. गोदीवरचे खलाशी बोलावलेत, शिपाई उभे केलेत. आम्ही पळणार नाही, हे शहराला दाखवायचंय. दम आहे माणसात, नाकारू नका. त्याच्या कोठीत त्यांचा पाद्री जॉन लेस्कॅलिओट आहे. पुढे २६ जानेवारीला तो इंग्लंडात नॉर्विचला राहणाऱ्या सर थॉमस ब्राऊन या वैद्य-लेखकाला लांबलचक पत्र लिहील. महाराज दिसायला कसे, बांधा कसा, नजर कशी तीक्ष्ण, बोलताना हसरे कसे दिसतात, हे इंग्रजीत लिहून ठेवणाऱ्या पहिल्या काही जणांत तो आहे. तोही पाहिलेल्यांकडून ऐकून. त्या कोठीला भिंती आहेत, तोफा आहेत, आणि पाद्रीची मंडळी त्या भिंतींच्या आतच आहे. त्यामुळे त्याला बाहेर पडायचं कारण नाही.

आपण जातोय त्या घराला तोफा नाहीत. दार उघडणाऱ्या माणसाच्या अंगावर जाड्याभरड्या तपकिरी कापडाचा झगा, पाठीवर टोकदार टोपी लोंबतेय, कमरेला दोरी, दाढी छातीपर्यंत. हे कॅपुचिन, संत फ्रान्सिसच्या पंथातले सर्वांत कडक. स्वतःच्या मालकीचं काही ठेवायचं नाही, अशी यांची शपथ. आडनाव नाही, तर ज्या गावातून आला त्या गावाचं नाव मागे लावायचं. म्हणून समोरचा माणूस ‘प्रेयीचा अँब्रोज’; फ्रान्समधल्या एका लहानशा गावाचं नाव त्यानं सुरतेत आणून ठेवलंय. तो इथला प्रमुख, म्हणजे या घराचा वडील. लोक त्याला पाद्रीबाबा म्हणतात असं आपण धरून चालू. आपल्याकडे झगा घातलेल्या कुठल्याही भल्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार?

घर माणसांनी भरलेलं आहे. गोरे फार नाहीत. जहाजावर गेलेल्या खलाशाची बायको, कोठीत काम करणारा पोर्तुगीज नावाचा सावळा पोऱ्या, एक म्हातारी, जिला कुठून आली ते सांगता येत नाही. इंग्रज आणि डच आपापली माणसं सांभाळतील, पण या लोकांचा वाली कुणी नाही. कुणी रडत नाही, सगळे पाद्रीच्या तोंडाकडे पाहताहेत. हे पाहणं लक्षात ठेवा. तुमच्या पिशवीतल्या पत्रात ज्याला ‘जबाबदारी’ म्हटलंय, ती अशी दिसते.

रात्र मोठी आहे, झोप कुणालाच येणार नाही. तेवढ्यात या घराची एक गोष्ट ऐका, तुमच्या प्रश्नाच्या जवळची आहे. १६४० च्या सुमाराला फ्रेंच कॅपुचिन सुरतेत आले. त्यांना पाठवणारी रोमची संस्था १६२२ ची, नवी. पण पूर्वेकडच्या सगळ्या चर्चवर आपलाच हक्क, असं पोर्तुगालचा राजा मानत होता, त्यामुळे गोव्याला हे फ्रेंच झगे डोळ्यांत खुपत. या पाद्र्यांतला नेव्हर्सचा एफ्रेम पेगूला, म्हणजे ब्रह्मदेशात, जायला निघाला. त्याचं पाचारण पेगूचं. वाटेत मद्रासला इंग्रजांनी नुकताच किल्ला बांधायला घेतला होता, तिथल्या कॅथलिक लोकांना पाद्री नव्हता. १६४२ मध्ये तो तिथे थांबला, आणि थांबलाच. पेगू राहून गेलं. १६४९ मध्ये शेजारच्या सांथोमच्या पोर्तुगिजांनी त्याला पकडून गोव्याच्या इन्क्विझिशनच्या हवाली केलं. मग त्याचा सोबती झेनॉन सुरतेहून उठला. आधी गोव्याला जाऊन पाहिलं, काही चालेना. तेव्हा तो मद्रासला गेला आणि त्यानं चक्क सांथोमच्या सुभेदारालाच पकडवून अडकवून ठेवलं. गोवळकोंड्याच्या दरबारानेही दटावलं. शेवटी एफ्रेम सुटला आणि परत मद्रासलाच जाऊन राहिला. पाद्रीने सुभेदार पळवावा का, यावर तुम्ही वाद घाला. मला स्वतःला झेनॉन आवडतो. पण एफ्रेमकडे नीट पाहा. ज्या गावाला देवानं बोलावलंय अशी त्याची खात्री होती तिथे तो कधीच पोचला नाही. ज्या गावच्या लोकांनी ‘जाऊ नका’ म्हणून हात धरला तिथे त्याचं उरलेलं आयुष्य गेलं. मग पाचारण कुणाचं धरायचं?

उजाडलं. बुधवार. महाराजांनी आदल्या रात्रीच निरोप पाठवला होता: सुभेदारानं आणि शहरातल्या बड्या तीन सावकारांनी, हाजी सैद बेग, विरजी व्होरा आणि हाजी कासिम यांनी, समोर येऊन खंडणीचं बोलावं. कुणी आलं नाही. आता दुपारनंतर आवाज येऊ लागतो, आधी दारं फोडल्याचा, मग गवताची छपरं पेटल्याचा. पुढचे दोन-तीन दिवस धूर असा धरेल की दिवसा सूर्य दिसायचा नाही आणि रात्री आगीच्या उजेडात रस्ता दिसेल. विरजी व्होराची हवेली खणली जाईल. हे सगळं चालू असताना केव्हातरी, सगळे दारं लावून बसलेले असताना, पाद्री उठतो, दोरी नीट करतो आणि बाहेर पडतो. चला मागोमाग.

त्याच्या हातात काही नाही. तुम्हाला वाटतं, निदान क्रूस तरी उंच धरावा, म्हणजे ओळख पटेल. तो तसं काही करत नाही. दाढी आणि झगा हीच ओळख. वाटेत घोडेस्वार भेटतात, तुमच्याच भाषेत बोलतात, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मराठी ऐकून तुमच्या पोटात गोळा येतो. बुऱ्हाणपूर दरवाजा, पुढे बाग, तंबू. कैद्यांची रांग बसलीय, पैशासाठी धरून आणलेली माणसं. अँथनी स्मिथ नावाचा एक इंग्रजही त्यांत येऊन बसेल. तो साडेतीनशे रुपयांवर सुटेल. पाद्रीला आत नेतात. तुम्हाला बाहेरच अडवलं जातं.

तंबूबाहेर उभं राहून विचार करायला वेळ आहे, तर एक गोष्ट सांगून टाकतो. या तंबूत शहराकडून बोलायला दोघे आले. एक हा. दुसरा गुरुवारी इनायत खानाकडून आलेला तरुण, वाटाघाटीच्या नावाखाली. बोलता बोलता तो कट्यार घेऊन महाराजांवर झेपावला. अंगरक्षकाने त्याचा हात उडवला, दोघे जमिनीवर पडले, रक्त पाहून महाराज गेले अशी हाकाटी झाली आणि कैद्यांच्या कत्तलीची आरोळी उठली. महाराजांनी उठून ती थांबवली, तरी काही कैद्यांची डोकी आणि कित्येकांचे हात गेले. किल्ल्यात बसलेल्या सुभेदाराच्या हुशारीची किंमत रांगेत बसलेल्यांनी चुकवली. सल्ला देणाऱ्यानं स्वतः न जाता दुसऱ्याला पाठवलं की बहुधा असंच होतं.

पाद्री बाहेर येतो. पुढे १६६६ मध्ये जाँ दे तेव्हनो हा फ्रेंच प्रवासी सुरतेला येईल आणि लिहील की गरीब ख्रिस्ती लोकांची दया येऊन पाद्री अँब्रोज राजाकडे गेला, निदान त्यांच्या जिवाला धक्का लागू नये अशी विनंती केली, आणि राजाने त्याचा मान राखून ती मान्य केली. बर्निए हा दुसरा फ्रेंच, मोगल दरबारातला वैद्य, तत्त्वज्ञ गासेंदीचा शिष्य, धर्माच्या बाबतीत बेताचाच. तोही नोंदवतो की महाराजांनी पाद्र्यांचं घर सोडलं, ही फिरंगी माणसं भली आहेत, त्यांना छळू नका, असं सांगून. त्याच दमात त्याची आणखी एक नोंद आहे, जी आपल्याकडे कमी सांगितली जाते. महाराजांनी आणखी एक घर सोडलं: डचांच्या एका मेलेल्या हिंदू दलालाचं. का? हयात असताना तो फार दानधर्म करायचा, असं त्यांना कळलं होतं.

इथे थांबून जरा हिशेब करा. लुटायला आलेल्या सैन्याला शहरात कुणाकडे किती सोनं आहे याची बातमी हवी असते, आणि ती होती. पण त्या बातम्यांत हेही आलं होतं की अमुक घरातला मेलेला माणूस गरिबांना द्यायचा आणि अमुक झगेवाले भले आहेत. ही बातमी हेरांना कुणी दिली असेल? पाद्रीच्या प्रवचनाला बसणाऱ्यांनी तर नाही. भाजीवाल्यानं दिली असेल, नावाड्यानं, वाण्यानं, कोतवालीतल्या प्याद्यानं.

प्याद्याचं नाव मी उगाच घेत नाही. दोन वर्षं पुढे या, तेव्हनोच्या सुरतेत. ख्रिस्ती लोकांतले तंटे हा पाद्री मिटवतो. एखादा अडून बसला तर मोगल अंमलदारांनीच त्याला अधिकार दिलाय, न्याय्य असेल ते मान्य करायला लावायचा. एखाद्या ख्रिस्ती माणसानं गुन्हा केला तर तो त्याला कोतवालाकडून तुरुंगात टाकायलाही मागेपुढे पाहत नाही. मग त्याचे दोस्त कोतवालाकडे सोडवायला जातात. कोतवाल हात वर करतो: माझ्याकडे काय येता, पाद्रीला विचारा. ते पाद्रीकडे येतात, रदबदली करतात, आणि तो सोडायला सांगतो. कोतवाल मुसलमान, बादशहा औरंगजेब, पाद्री परदेशी भिक्षुक. आणि किल्ली याच्या शब्दावर फिरते. त्याला हे पद कुणी बहाल केलं नव्हतं. वर्षानुवर्षं एकाच गल्लीत राहून ते जमलं होतं.

तुम्हाला खटकलेली गोष्ट मलाही खटकते, ती झाकून ठेवत नाही. त्यानं फक्त ख्रिस्ती लोकांसाठी मागितलं. शेजारच्या गल्लीत जळणाऱ्या वाण्याच्या पोरांसाठी का नाही? मागायला हवं होतं, असं मला वाटतं. पण लगेच हेही वाटतं की जे मिळण्यासारखं होतं तेच त्यानं मागितलं, आणि म्हणून मिळालं. हे शहाणपण की कोतेपणा, यावर तुम्ही आणि मी रात्रभर बसू शकू. त्यानं शहर वाचवलं नाही, हे मात्र खरं. रविवारी सकाळी मराठी फौज निघाली तेव्हा सुरतेचा मोठा भाग राख झाला होता. १६७० च्या ऑक्टोबरात ती पुन्हा आली.

अजून थोडं पुढे, १६९०. जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री सुरतेच्या कोठीत आहे. वर्षाला शंभर पौंड, जेवणखाण, खोल्या, दिमतीला नोकर, हवी तेव्हा गाडी, असं त्यानं स्वतःच मोकळेपणानं लिहिलंय. यात गैर काही नाही, पाळकाच्या पोरांनाही फी भरावी लागते. आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना घर कसं चालवायचं याची काळजी पडलीच असणार. प्रत्येकानं तसं करावं, असं मी म्हणणार नाही. पण एवढं विचारीन: पगार, घर आणि गाडी ही पंचांच्या पत्रातली पहिली तीन कलमं काढली, तर खाली काही उरतं का?

आता आपल्या वर्षात या. मुघलसराईसमोर आहात तुम्ही. यात्रेकरूंसाठी १६४४ मध्ये बांधलेल्या या इमारतीत सुरत महानगरपालिकेचं मुख्य कार्यालय आहे. पाद्री अँब्रोजनं ती पाहिलेली असणार. तासभर असेल तर कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रजांच्या दफनभूमीत जाऊन या. ढोल वाजवत निघालेला ऑक्झेंडन १६६९ मध्ये सुरतेतच वारला. त्याचं आणि त्याच्या भावाचं घुमटाचं थडगं एखाद्या नबाबाला शोभेलसं आहे.

सुरतेची गोष्ट व्याख्यानांत आणि पोवाड्यांत सांगणाऱ्यांना एक विनंती. महाराजांनी पाद्रीचं घर सोडलं, हे आपण अभिमानानं सांगतो, सांगावंच. पण पाद्री आपणहून तंबूपर्यंत चालत गेला होता, हेही सोबत सांगत चला. तो बाहेर पडला नसता तर त्या औदार्याला उत्तर देणारा समोर कुणीच नसता. आणि डचांच्या त्या दलालालाही विसरू नका.

राहता राहिलं तुमचं पत्र. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, सातव्या वचनात, मंडळीच्या अध्यक्षासाठी एक अट आहे, जी पाळकांच्या निवडीत बहुतेक ठिकाणी वाचून सोडून देतात: बाहेरच्या लोकांतही त्याचं नाव चांगलं हवं. तेव्हा होकार कळवण्याची घाई करू नका. परत गेलात की कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला, चौकीतल्या हवालदाराला आणि ज्याच्याशी तुमचा बांधाचा वाद चाललाय त्या शेजाऱ्याला एकदा विचारून या.